भज्जी कोणाची चांगली?

चार मराठी माणसे एकत्र जमली असताना त्यांच्यात वाद लावून द्यावयाचा असेल, तर राजकारणाची काही गरज नाही. मिसळ कुठली चांगली, एवढे विचारावे आणि आपण बाजूला व्हावे. कोल्हापूरचा माणूस कटावरच्या तांबड्या तवंगाचे वर्णन करू लागतो. पुणेकराला मिसळीत पोहे लागतात. नाशिकचा गृहस्थ ताटलीत पापड नसेल तर ती मिसळ मानावयास तयार होत नाही. आणि मुंबईकर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत, ‘आमच्या स्टेशनाबाहेरचा वडापाव खाल्लाय का?’ असे म्हणून तिसराच विषय काढतो. या वादात हरलेला मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. मौज अशी, की वाद रंगात येतो तेव्हा समोर मिसळ नसतेच. बहुधा घरचा वरणभात असतो आणि तो गार होत असतो.

आमच्या घरी, कर्वेनगरला, हा वाद पिझ्झावरून चालतो. वाद घालणारे माझे दोन भाचे. दोघे सख्खे चुलतभाऊ, दोघेही ढोकीचे, दोघांच्याही नोकऱ्या हिंजवडीला, आणि राहतातही एकाच खोलीत. रविवारी संध्याकाळी ते माझ्याकडे येतात. आत्याच्या हातचे खाण्यासाठी येतात, अशी आमच्या ह्यांची समजूत आहे. मला ठाऊक आहे, की ते आमच्या धुलाई यंत्रासाठी येतात. आठवड्याचे कपडे आत गरगरत असतात तोवर बाहेर दोघांची जुंपते.

अण्णाचा मुलगा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, हा शुद्धीचा भोक्ता. त्याचे म्हणणे, पिझ्झा असावा तर नेपल्सच्या धाटणीचा. पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांपलीकडे पोळीत काही नको. भट्टी लाकडाची हवी आणि ती इतकी तापलेली हवी, की पोळी मिनिटा-दीड मिनिटात भाजून बाहेर यावी. नेपल्सच्या या कारागिरीला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात जागा दिली, हे तो मला दर महिन्याला एकदा तरी सांगतो. १८८९ साली इटलीची राणी मार्गेरीता नेपल्सला आली असता राफाएले एस्पोझितो नावाच्या माणसाने तिच्यासाठी टोमॅटोचा तांबडा, चीजचा पांढरा आणि तुळशीसारख्या पाल्याचा हिरवा, असा राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा केला, ही कथाही मला त्याच्याकडूनच कळली. राणीच्या नावाचा तो पिझ्झा तो खातो, आणि खाताना किंचित राजघराण्यातला असल्यासारखा बसतो.

बापूचा मुलगा अगदी उलट. त्याला पोळी जाड हवी, वर चीज इतके हवे, की तुकडा उचलला म्हणजे त्याची दोरी व्हावी. शिकागोला १९४३ पासून परातीसारख्या खोलगट भांड्यात भाजलेला पिझ्झा मिळतो, तो त्याचा आदर्श. त्याच शिकागोत हॉट डॉगवर टोमॅटोचे केचप घालणे हा असभ्यपणा समजतात, आणि न्यूयॉर्कची माणसे आपलाच हॉट डॉग खरा म्हणून मोहरीची चटणी नि आंबवलेली कोबी पुढे करतात, ही माहिती त्याची. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९१६ साली सुरू झालेल्या एका दुकानासमोर दर ४ जुलैला हॉट डॉग खाण्याची शर्यत लागते म्हणे. मग तो वडापावावर येतो. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडा पावात घातला असे सांगतात, आणि हा आमचा भाचा म्हणतो, की सगळ्या हॉट डॉगांनी मिळून त्या एका वड्याला नमस्कार करावा.

‘पावात घातले म्हणजे काहीही चांगले लागते,’ असे आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणतात. त्यांचे मत कोणी विचारलेले नसते.

एका रविवारी मला राहवले नाही. मी म्हटले, ‘अरे, नेपल्स नेपल्स काय करता? नेपल्सच्या संग्रहालयात आपल्या शेजारची बाई उभी आहे!’

दोघेही गप्प झाले. पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही हे थोडे सांगावयास हवे. आमचे ढोकी धाराशिव जिल्ह्यात. २०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद म्हणत, तोच हा जिल्हा. ढोकीचे नाव बाहेर कोणाला माहीत असेल तर ते तेरणा साखर कारखान्यामुळे. जुन्या लोकांना माहीत असेल ते बार्शी लाइट रेल्वेमुळे. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी १८९७ साली बार्शीपर्यंत आली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. १९५४ साली ती सरकारने घेतली, आणि २००७-०८ मध्ये रुंद रूळ पडेपर्यंत ती आपल्या चालीने चालत राहिली. ती चाल पाहून माझे वडील म्हणत, की घाई असेल त्याने पायी जावे. त्या मार्गावरचे आमचे ठाणे ढोकी, आणि आमचा शेजार तेरचा. तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचे गाव. आणि त्याहून कितीतरी जुने, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे, तगर नावाचे शहर. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगराहून मलमल आणि जाडेभरडे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई असे लिहिलेले आहे. तिथून ते रोमी जहाजांवर चढे.

इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडले गेलेले पाँपेई हे नेपल्सच्या जवळचेच गाव. १९३८ साली तिथे उत्खननात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याच धाटणीची हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयात ती पाहावयास मिळते. पाँपेईची ती तेरहूनच गेली असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही; पण दोघींना शेजारी उभ्या केल्या तर कोणीही बहिणी म्हणेल. पुढची गंमत अशी, की २०२३ साली त्याच पाँपेईत एका भिंतीवर ताटात ठेवलेल्या पोळीचे चित्र निघाले. वर फळे वगैरे दिसतात. जगभर आरडाओरडा झाला, की पिझ्झाचा पणजोबा सापडला! पण त्यावर टोमॅटो असणे शक्यच नव्हते. टोमॅटो अमेरिकेतून यावयाचा होता, आणि तो यावयास आणखी दीड हजार वर्षे होती.

‘म्हणजे मार्गेरीता नवीनच की!’ बापूचा मुलगा आनंदाने ओरडला.

‘आणि तुझी शेंगाचटणी?’ मी विचारले. ‘भुईमूगही अमेरिकेतलाच, मिरचीही अमेरिकेतलीच. पोर्तुगीज आले नसते तर सोलापूरला चटणी कशाची केली असती?’

यावर दोघेही एकदम माझ्या अंगावर आले. सोलापूरच्या चटणीवर बोललेले आमच्या भागात चालत नाही.

तेथून विषय आपोआप आमच्याकडच्या पदार्थांवर आला, आणि तो आला म्हणजे पिझ्झाचे भांडण फारच सौम्य होते असे वाटू लागते. उजनीची बासुंदी घ्या. ही उजनी धरणाची नव्हे, औसा तालुक्यातली. तुळजापूर-लातूर रस्त्यावर गाडी थांबवून ती खाल्ली नाही असा मनुष्य आमच्या नात्यात नाही. आणि पूर्वीसारखी ती आता राहिली नाही, असे म्हटले नाही असाही नाही. मग निलंगा राइस. मग धपाटे. या धपाट्यांच्या बाबतीत तर मी नेपल्सवाल्यांना आव्हान देईन. ज्वारीचे पीठ, त्यात थोडे डाळीचे नि गव्हाचे, लसूण, तिखट, तीळ, ओवा, मूठभर कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापायचे, मध्ये बोटाने भोके पाडायची, तव्यावर टाकायचे आणि भोकांत तेलाचा थेंब सोडायचा. वर घट्ट दही आणि शेंगाचटणी. वरून घालायचे ते घातले आणि पोळी भाजली म्हणजे पिझ्झा होत असेल, तर आमच्या आयांनी जन्मभर दुसरे काय केले?

पण खरा मान कुंथलगिरीच्या पेढ्याला. भूम तालुक्यातला हा डोंगर जैनांचे मोठे क्षेत्र. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला तो येथे. जेथे अन्नपाणी सोडून माणसे देहाच्या पलीकडे गेली त्या डोंगराच्या नावाने पेढा प्रसिद्ध व्हावा, याचे मला लहानपणी फार नवल वाटे. कारण मात्र सरळ आहे. तो भाग बालाघाटाचा, पाऊस बेताचा, जमीन हलकी. शेतीने हात दिला नाही तर जनावर देते. दूध लांबच्या शहरापर्यंत टिकत नाही, खवा टिकतो. म्हणून गावोगाव भट्ट्या. लोखंडी कढईत चार-पाच लिटर म्हशीचे दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा पडतो, आणि तेवढा वेळ उलथणे हातातून सोडता येत नाही. हा खवा पुण्याला, हैदराबादला जातो आणि तेथे पोचल्यावर त्याचे गाव पुसले जाते. आपण सणाला पेठेतल्या दुकानातून पाव किलो पेढे आणतो आणि दुकानाचे नाव घेतो. कढईपाशी उभे असणाऱ्याचे नाव त्या पेटीवर नसते. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मला एवढ्याचसाठी बरे वाटले. नाव तरी लागले.

एवढे सगळे झाले, म्हणजे बासुंदी, राइस, धपाटे, पेढे अशी सगळी हजेरी झाली, की आमच्या घरातला वाद एका ठिकाणी येऊन थांबतो. तो पदार्थ म्हणजे भज्जी. आणि तेथे दोन्ही भाचे गप्प होतात.

भज्जी म्हणजे भजी नव्हे. पुण्यात मला हे चाळीस वर्षे समजावून सांगावे लागले आहे. मार्गशीर्षातली अमावास्या ही आमच्याकडे वेळ अमावास्या. बोलण्यात येळवस. लातूर-धाराशिवकडे दिवाळीच्या खालोखाल हिचा मान, आणि शेतकऱ्याच्या घरी कदाचित वरचाच. सण मूळचा कानडी मुलखातून आलेला. तिकडे एळ्ळ अमावास्या म्हणतात, आणि एळ्ळ म्हणजे तीळ. त्या दिवशी लातूरसारखे शहर ओस पडते, कचेऱ्यांना स्थानिक सुटी असते, आणि ज्याला शेत आहे तो शेतात, व ज्याला नाही तो कोणाच्या तरी शेतात जेवतो. न बोलावता गेलेले चालते. वाटसरूला हाका मारून बसवतात.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात. आत पाच दगड, चुन्याने रंगवलेले, ते पांडव. त्यांची पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा, आंबील शिवारात शिंपडायची आणि मग पंगत. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभरा पायाशी असतो, थंडी असूनही ऊन पाठीला लागते. ताटात ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली ताकाची आंबील, आणि भज्जी.

भज्जीत काय असते ते विचारण्यापेक्षा काय नसते ते विचारावे. तुरीचे कोवळे दाणे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे, भुईमूग भिजवून, गाजर, वांगे, कांद्याची पात, मेथी, चुका, चिंचेचा कोळ, त्या हंगामात रानात हिरवे म्हणून जे जे असेल ते ते. हे सगळे शिजवून आंबट ताकात कालवलेल्या डाळीच्या पिठाने एकजीव करतात. आदल्या रात्री घर झोपत नाही. माझी आई रात्री दहाला चुलीपाशी बसे ती पहाटे उठे. दुकानात भज्जी मिळत नाही असे नाही. हल्ली डब्यातून घरपोच देणारेही निघाले आहेत. पण तिला चव यावयास शिवार लागते, आणि ते काही डब्यातून येत नाही.

आता ही भज्जी कोणाची चांगली, हा आमच्या घरातला प्रश्न आहे.

आमची जमीन अठरा एकर. वडील होते तोवर एक कोप होती. ते गेले, मग आई गेली, आणि २०१८ साली वाटणी झाली. नऊ एकर अण्णाकडे, नऊ बापूकडे. वाटणी चांगल्या रीतीनेच झाली म्हणायची. कोर्टात कोणी गेले नाही. पण विहीर अण्णाच्या तुकड्यात आली आणि पाण्यावर हक्क दोघांचा. पाण्याच्या पाळ्या लावल्या. एका उन्हाळ्यात एकाची पाळी दुसऱ्याच्या मोटारीने खाल्ली, म्हणजे तसे एकाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे वीजच नव्हती. दोघांनी आवाज चढवला, आणि नंतर आवाजच बंद झाला. बापूने स्वतःच्या तुकड्यात बोअर घेतली, ऊस लावला. अण्णाने ज्वारी-तूर-हरभरा सोडला नाही. मध्ये एक बांध. बांधाच्या अलीकडे एक कोप, पलीकडे एक. पांडवही दहा झाले.

ज्या वर्षी दोन कोपी झाल्या त्या वर्षी मी ढोकीला गेले तेव्हा माझी अवस्था काय झाली, हे दोन भावांची बहीण असलेल्या बाईलाच कळेल. बहिणीला माहेर एक असते. ते दोन झाले म्हणजे दुप्पट होत नाही, अर्धेअर्धे होते. कोणाच्या कोपीत आधी जायचे? अण्णा थोरला म्हणून त्याच्याकडे आधी गेले, तर बापूची बायको ताट वाढताना काही बोलली नाही, फक्त उंडा एकच वाढला. पुढल्या वर्षी बापूकडे आधी गेले, तर अण्णा म्हणाला, ‘ये बाई. पोट भरलं असलं तर नुसतं बस.’

आणि संध्याकाळी चौकशी. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकमेकांच्या भज्जीविषयी मला विचारल्यावाचून एकालाही झोप येत नाही. अण्णा अंगणात बाज टाकून पडला म्हणजे आभाळाकडे पाहत विचारतो, ‘तिकडं दाणं कुठलं व्हतं गं? बाजारचंच ना?’ बापू सकाळी मला गाडीवर बसवायला येतो तेव्हा किक मारता मारता विचारतो, ‘आक्का, वहिनीनं औंदा ताक आंबट घातलंतं का?’ मी दोघांनाही सांगते, की आंबील त्यांची चांगली आणि उंडे ह्यांचे. एवढ्यावर माझी सहा वर्षे निघाली.

पण हा अंक ढोकीला जाणार नाही अशा भरवशावर वाचकांना खरे सांगते. थोरल्या वहिनीच्या भज्जीत सगळे स्वतःच्या शिवारातले असते. त्या तुरीच्या दाण्याला जी गोडी, ती लातूरच्या मंडईतल्या दाण्याला यावयाची नाही. बापूच्या तुकड्यात ऊस; उसाच्या बांधाला वालाचा वेल नाही की तुरीचे झाड नाही. त्याची बायको बिचारी सगळे विकत आणते. पण हात तिचा चांगला. ती लग्न होऊन आली तेव्हा आईचे हात थकले होते, आणि आईने चुलीपाशी बसून तिला एकेक गोष्ट सांगितली. पीठ किती वेळ कालवायचे, चिंच केव्हा, जाळ केव्हा ओढायचा. थोरलीने जे शिकले ते स्वतःच्या आईकडून, मोहोळकडे. म्हणजे आईच्या भज्जीचे दाणे बांधाच्या एका बाजूला राहिले आणि हात दुसऱ्या बाजूला. सरस कोणाची म्हणून मी सांगू?

गेल्या येळवसेला दोन्ही भाचे आणि मी रात्रीच्या लातूर गाडीने निघालो. वाटेभर दोघांचा वाद: खोलीजवळ नवीन निघालेल्या एका दुकानाचा पिझ्झा खरोखर भट्टीतला की विजेवरचा. बार्शी गेली तरी निकाल नाही. पहाटे ढोकीच्या चौकात उतरलो, चहा घेतला, आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून दोघे हसत हसत झोंबले. मग घरे आली. एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. मी चौकात पिशवी घेऊन क्षणभर उभी होते.

दुपारी शेतात दोन्हीकडे पूजा झाली. त्या वर्षी आधी अण्णाकडे जाण्याची पाळी होती. पंगत बसायची होती, एवढ्यात बापूचा मुलगा बांधावर आला आणि त्याने आमच्याकडच्याला हाक मारली. दोघे काही कुजबुजले. पुण्यात एखाद्या पिझ्झाचा निकाल लागत नसला म्हणजे ही पोरे काय करतात, ते मला ठाऊक होते: दोन्ही दुकानांतून मागवतात आणि एकाच मेजावर ठेवतात. येथे मेज नव्हते. बांधावर एक सपाट दगड होता. त्यावर दोन वाट्या आल्या, सारख्या, स्टीलच्या.

‘आत्या, ये. तू पंच.’

‘मी नाही बाबा,’ मी म्हटले, आणि माझ्या तोंडाला पाणीही सुटले होते.

दोघांनी दोन्ही चाखल्या. मग अण्णाच्या मुलाने काय केले, त्यातली एक वाटी उचलली, त्यात एक उंडा ठेवला आणि सरळ कोपीत बसलेल्या बापासमोर नेऊन ठेवली. थोरल्या वहिनीचा डाव हवेत राहिला. अण्णाने वाटीकडे पाहिले. त्याच्या घरची भज्जी पिवळसर असते, ही थोडी हिरवट होती. भज्जी कुठली हे न समजण्याइतका तो काही आंधळा नव्हता.

‘कुठली हाय ही?’

‘खाऊन सांगा की,’ मुलगा म्हणाला.

कोणी काही बोलेना. बांधापलीकडे बापूची बायको पाठमोरी उभी होती, पण पदर सावरण्याला इतका वेळ लागत नाही. बापू मोटार पाहण्यासाठी उसात गेला होता. अण्णाने उंडा मोडला. पहिला घास खाऊन त्याने हरभऱ्याकडे पाहिले. दुसरा खाऊन आणखी कुठे तरी. आई असताना तो असाच खायचा, मध्येच थांबून, काही आठवल्यासारखा. मला वाटले, आता हा वाटी सारणार. त्याने ती सारली नाही. तळाशी राहिले ते उंड्याच्या तुकड्याने पुसून घेतले, बोट चाटले, आणि म्हणाला,

‘मीठ कमी हाय.’

मग थोरलीकडे वळून, ‘वाढ,’ एवढेच. पंगत सुरू झाली. जेवण झाल्यावर तो उठला, तुरीच्या ओळीत शिरला आणि धोतराचा ओचा भरून शेंगा तोडून आणल्या. त्या कोणासाठी ते सांगितले नाही. बांधावरच्या दगडावर ओतून तो बैलांकडे निघून गेला. संध्याकाळी त्या तेथे नव्हत्या.

दिवस मावळता कडब्याच्या पेंढ्या पेटवून पिकाभोवती फिरवायच्या असतात. दोन्ही भाचे एकाच पेंढीवरून दुसरी पेटवून, एक ज्वारीतून नि एक उसाकडेने, ओरडत पळाले. बापू उसातून परत आला होता. पायाला चिखल, हातात पाना. मी त्याच्या कोपीत बसून माझे दुसरे जेवण संपवीत होते. त्याला कोणी तरी सगळे सांगितलेले होते. तरी तो हातपाय धुऊन, पाना जागच्या जागी ठेवून, दोनदा इकडे तिकडे करून मग माझ्याजवळ बसला.

‘आक्का, काय म्हणला?’

‘मीठ कमी आहे म्हणाला.’

‘सगळी खाल्ली?’

‘वाटी पुसून.’

बापूने माझ्या ताटातला चिमूटभर भज्जीचा भाग बोटाने उचलला आणि जिभेवर ठेवला.

‘कमीच हाय,’ तो म्हणाला. ‘सकाळी मी हिला तेच सांगत व्हतो.’